चंपाच्या बिस्किटांचा अर्ज

परळच्या आमच्या चाळीत माणसांनी काय खावं याबद्दल एकही नियम नाही. सशांनी काय खावं याबद्दल मात्र अकरा नियम आहेत, आणि ते सगळे प्रस्तुत लेखकाने, म्हणजे मी, एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या दिवाळीच्या सुमारास स्वहस्ते लिहिलेले आहेत. माझं अक्षर चांगलं म्हणून मला चाळसमितीचा चिटणीस केलं होतं. नुसत्या अक्षराच्या जोरावर माणूस काय काय करून ठेवू शकतो, याचं हे उदाहरण समजावं.

मी चिंदरकर. एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. बारा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय पुढे गेला नाही, आणि नोंद झाल्यावरही फारसे गेले नाहीत. आमच्या घरी बायको शेवंती, मी आणि दोन ससे. चंपा ही सशीण आणि मोगरा हा ससा. कचेरीतल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा ‘जरा सांभाळा’ म्हणून हे दोघे माझ्या गळ्यात पडले. मूलबाळ नसलेला, चाळिशी उलटलेला मी त्या दोघांत असा गुंतलो की घरी आल्यावर आधी चंपाची चौकशी करायचो आणि मग बायकोची. शेवंतीने लग्नातल्या इतर अनेक गोष्टींप्रमाणे हीही चालवून घेतली.

त्या वर्षी दिवाळी महिन्यावर आली असताना चंपाने खाणं सोडलं. दोन दिवस ती कोपऱ्यात फुगून बसून राहिली. मी रजा टाकली आणि शेवंतीसह तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

‘‘दात वाढलेत हिचे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘सशाचे दात जन्मभर वाढतात, ते कुरतडून झिजावे लागतात. काय चारता हिला?’’

‘‘दुधात भिजवलेला पाव,’’ मी अभिमानाने सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की पिशवीत चंपाऐवजी आपणच बसावं असं मला वाटलं. ‘‘दात मी थोडे कापून देतो. पाव बंद करा. भरपूर गवत द्या, आणि कोंडा, गाजर, मेथी घालून कडक बिस्किटं भाजून द्या. साखर नको, तूप नको. पंधरा दिवसांत कुरतडायला लागली नाही, तर मग आशा धरू नका.’’

शेवंती लगेच म्हणाली, ‘‘त्यात काय! आत्ताच मळते. कोंडीरामकडे भट्टी चालूच असेल.’’

गिरणगावात घरी ओव्हन कुणाकडे असणार? दिवाळी जवळ आली की बायका रवा, मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन लालबागच्या कोंडीरामच्या बेकरीत जातात. तिथेच नानकटाईचं पीठ मळतात, पत्र्याच्या थाळ्यात गोळे मांडतात, थाळ्याला नावाची चिठ्ठी लावतात आणि आपला नंबर लागेपर्यंत एकमेकींच्या तुपाचा अंदाज घेत बसतात. घरी जाता जाता मी कोंडीरामला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘आणा की साहेब. भट्टीला काय कळतंय कोण खाणार ते?’’

प्रकरण इथे संपलं होतं. एका बेकरीवाल्याने आणि चौथी पास बाईने ते दीड मिनिटात निकालात काढलं होतं. नेमकी हीच गोष्ट मला खटकली.

‘‘उद्या कुणी हरकत घेतली तर?’’ मी शेवंतीला म्हटलं. ‘‘आमची नानकटाई भाजता त्याच भट्टीत जनावराचं खाणं, असं म्हणाला कुणी तर?’’

‘‘कोण म्हणतंय?’’

‘‘म्हणेल.’’

‘‘अहो, पण कोण?’’

मला नाव सुचेना, म्हणून मी अर्ज लिहिला.

अर्ज चाळसमितीच्या चिटणिसांच्या नावे होता. विषय: पाळीव सशांकरिता घरगुती बिस्किटे सार्वजनिक भट्टीत भाजून घेण्यास परवानगी मिळणेबाबत. चिटणीस मीच असल्यामुळे तो मी मलाच सादर केला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि पोच घेतली. दुसऱ्या दिवशी अर्ज तपासताना लक्षात आलं की अर्जदाराने सशांची संख्या लिहिलेली नाही. असला गलथानपणा मला खपत नाही. मी अर्जदाराला, म्हणजे मला, कडक शब्दांत पत्र लिहिलं. ते वाचून मला वाईट वाटलं. तीन दिवसांनी मी त्याला नम्र उत्तर दिलं.

‘‘कुणाला लिहिताय एवढं?’’ शेवंतीने विचारलं.

‘‘ते गोपनीय आहे,’’ मी म्हणालो.

रविवारी समितीची सभा भरली. अध्यक्ष नाना, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, मूळचे मालवणकडचे. त्यांच्या शेजारी जयवंत, चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात फिटर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला आमच्या चाळीचा बुलंद आवाज. प्रत्येक सभेप्रमाणे याही सभेत पहिला ठराव मांडला गेला, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ एका मिनिटात तो एकमताने मंजूर झाला. मग जयवंत उठला.

‘‘दिल्लीवाले काय करतात?’’ तो गरजला. ‘‘आपण हक्क मागायचा, त्यांनी कमिशन नेमायचं! कमिशनचा अहवाल आला की त्यावर कमिटी नेमायची! माणसं मरतात आणि हे फायली हलवतात! हा न्याय आहे का?’’

‘‘नाही! नाही!’’ सगळे ओरडले. मी ते ‘प्रचंड टाळ्या’ असं लिहून घेतलं.

‘‘विषय दुसरा,’’ मी वाचलं. ‘‘सशांची बिस्किटं.’’

‘‘माझी सूचना आहे,’’ जयवंत खाली न बसता उभ्या उभ्याच म्हणाला, ‘‘या बाबतीत एक उपसमिती नेमावी.’’

उपसमिती नेमली गेली. ‘‘ह्या बघ चिंदरकर,’’ नाना म्हणाले, ‘‘तुझा म्हणणा बरोबर आसा. पण अर्ज तुझो, चिटणीस तू, ससो तुझो. उद्या लोक म्हणतले नाना डोळे मिटून बसलो.’’ मला ते शंभर टक्के पटलं. पक्षपात टाळण्यासाठी मी तिथल्या तिथे एक नियम लिहून दिला, की प्रकरण निकाली निघेपर्यंत अर्जदाराने सशांशी कोणत्याही प्रकारचा संपर्क ठेवू नये. नियम इतका रेखीव उतरला होता की सही करून झाल्यावरच मला त्याचा अर्थ कळला.

चंपा आणि मोगरा यांचा खोका गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला सुंदराबाईंच्या खोलीत गेला. सुंदराबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला, एकट्या राहणाऱ्या, तोंडाने फटकळ. त्या दिवसापासून कामावर जाता-येता मी त्यांच्या दारावरून मान फिरवून जायचो. आतून खुडखुड ऐकू आली की जीव थोडा थोडा व्हायचा. पण नियम म्हणजे नियम, आणि तो तर माझ्याच अक्षरात होता.

‘‘कशी आहे ग ती?’’ मी शेवंतीला विचारायचो.

‘‘आहे,’’ ती म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची. त्या ‘आहे’चा अर्थ काय घ्यायचा, हे विचारायची मला छाती होत नव्हती. सुधारत असती तर ती सांगती ना!

पुढच्या रविवारी आधी मराठी राज्याचा ठराव झाला, एक मिनिट. मग उपसमितीने अहवाल दिला की वस्तू पाहिल्याशिवाय वस्तूबद्दल मत देता येत नाही, सबब चोवीस नमुने सादर व्हावेत. नमुने भाजायला परवानगी लागत नाही, कारण ते खाण्यासाठी नसून विचारासाठी असतात, असा मी खुलासा केला. शेवंतीने नमुने भाजून आणून दिले. कोंडा, गाजर, मेथी. उपसमितीने विचार करून ते सगळे खाल्ले.

‘‘मीठ कमी आसा,’’ नाना म्हणाले.

‘‘आणि घशात अडकतंय,’’ जयवंत म्हणाला. ‘‘कोंड्याच्या जागी रवा घातला तर? जनतेला कोंडा चारायचे दिवस गेले.’’

‘‘पण हे सशांसाठी...’’ मी म्हटलं.

‘‘अर्जदाराने मध्ये बोलू नये,’’ कुणीतरी म्हणालं. पाहतो तर मीच म्हणालो होतो.

पंधरा दिवसांची मुदत बुधवारी संपली. त्या दिवशी कचेरीत माझ्या हातून दोन कागद नोंद न होता पुढे गेले, यावरून माझी अवस्था ध्यानात यावी. चंपाचे ते काळे डोळे सारखे समोर येत होते. खुर्चीवरून उठावं, धावत जावं, सुंदराबाईंचं दार ढकलून तिला उचलून घ्यावं असं वाटत होतं. मी उठलो, आणि कपाटातून कोरा कागद काढून डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीला मुदतवाढ मिळावी असा अर्ज केला. समितीने खास सभा बोलावून चंपाला आणखी पंधरा दिवस एकमताने मंजूर केले. मला इतकं हायसं वाटलं की मी नानांचे हात धरले.

दुसऱ्या नमुन्यात रवा आणि साखर आली. तिसऱ्यात तूप. त्या सभेत मोठा पेच पडला. नानांचं म्हणणं, भट्टी एक, थाळा एक, मध्ये रेघ मारून अर्ध्यात माणसांची आणि अर्ध्यात सशांची बिस्किटं भाजावीत. जयवंतची कानशिलं लाल झाली. ‘‘नाना, हे तर थाळ्याचं गुजरात-महाराष्ट्र द्विभाषिक! आपल्याला नको ते राज्य आपण बिस्किटांवर लादायचं? प्राण गेला तरी चालेल, थाळा स्वतंत्रच झाला पाहिजे!’’ कुणाचा प्राण, ते त्याने सांगितलं नाही. स्वतंत्र थाळ्याचा ठराव घोषणांच्या गजरात झाला.

त्याच रविवारी सकाळी चळवळीचा मोर्चा होता. आमच्या चाळीतून शेवंती आणि सुंदराबाई गेल्या होत्या. मोर्च्यात चाळीने बहुसंख्येने सामील व्हावं हा ठराव माझाच, आणि तो नीट उतरवून काढायचा राहिला होता, म्हणून मला जाता आलं नाही. समितीच्या इतर सभासदांना सह्या करायच्या होत्या.

चौथ्या नमुन्यात वेलची पडली आणि उपसमितीने होकाराचे हात वर केले. वस्तू निर्दोष असल्याचं तिने कळवलं. गाजर, मेथी व कोंडा हे पदार्थ मानवी आहारास अयोग्य म्हणून वगळण्यात आले होते. महिना उलटून चौथ्या दिवशी, खुद्द दिवाळीत, परवानगीचा कागद, सोबतच्या अकरा नियमांसह, माझ्या सहीने माझ्या हातात पडला. मंजूर झालेला थाळा कोंडीरामकडून घेऊन मी धावतच चाळीत आलो. तुपाचा घमघमाट जिन्यात पसरला होता. मनात एकच भीती होती, की आपल्याला उशीर झाला.

सुंदराबाईंचं दार उघडंच होतं. शेवंती जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर, गुबगुबीत, चकचकीत, दोन्ही कान ताठ करून चंपा काहीतरी कडाकडा कुरतडत होती. शेजारी डालड्याच्या डब्यात गाजराची, मेथीची, कोंड्याची काळपट बिस्किटं काठोकाठ भरलेली.

मी खाली बसलो आणि रडलो. मंजूर नानकटाई तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

‘‘हे केव्हापासून?’’ मी विचारलं.

‘‘डॉक्टरकडून आलो त्याच संध्याकाळपासून,’’ शेवंती म्हणाली. ‘‘तुम्ही अर्ज लिहीत होता तेव्हा भाजून आणली, आणि कागदात डोकं घालून सशांची संख्या शोधत होता तेव्हा चारली. कोंडीराम म्हणाला, द्या वहिनी, शेवटच्या थाळ्याबरोबर टाकतो. दर आठवड्याला भाजून आणते.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस? महिनाभर माझा जीव...’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही ते अर्जाला जोडलं असतं.’’

‘‘अरे बाबा,’’ सुंदराबाई म्हणाल्या, ‘‘नवव्या दिवशी डॉक्टरला दाखवून आणली तिला. बरी आहे म्हणाला. तू दारावरनं मान वाकडी करून जात होतास, म्हटलं जाऊ दे बिचारा, महत्त्वाच्या कामात आहे.’’

खरं तर तेव्हाच मी कागद फाडायला हवा होता. पण संध्याकाळी सभा होती, आणि वार्षिक अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं: ‘समितीने वेळीच घेतलेल्या निर्णयामुळे एका मुक्या प्राण्याचे प्राण वाचले.’ एक मिनिटभर पेन हातात धरून बसलो. वाक्य फार चांगलं वळलं होतं. ते खोडवेना.

समितीने स्वतःचं अभिनंदन केलं. जयवंत म्हणाला की या चाळीचा कारभार पाहायला दिल्लीकरांनी यावं. नानांनी मला शाल आणि नारळ दिला, आणि लोकांना नानकटाई वाटली. सत्काराला उत्तर देताना मी समितीचे, उपसमितीचे आणि कोंडीरामच्या भट्टीचे आभार मानले. शेवंती दाराशी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि मग आत गेली, कारण दोनशे माणसांचा चहा कुणीतरी करायला हवा होता.

पुढे दीड वर्षाने राज्यही झालं. चाळीने रोषणाई केली. त्या विजयाचा अहवालही मीच लिहिला. त्यात समितीच्या एकोणतीस ठरावांचा उल्लेख आहे. मोर्च्यात कोण कोण गेलं होतं, त्यांची यादी जागेअभावी देता आली नाही.

आता तुम्ही मला हसाल. जरूर हसा, मी हसण्यासारखाच माणूस आहे. पण हे वाचता वाचता तुमच्या हाताशी चहाचा कप आला असेल, किंवा निदान दिवा लागला असेल, पंखा फिरला असेल. ते सगळं कुणी केलं, हे बघायला तुम्ही मान वर केली होतीत का?