ओल्या सिमेंटातली सात पावलं

“भूत? माझ्या घरात? येऊ दे, त्यालाही विटा वाहायला लावते!” संघप्रियाने सासूबाईंना फोनवर ठणकावलं.

ठणकावणं भाग होतं. सोमवारपासून तिची शाळा सुरू, आणि सव्वा वर्षाच्या चिऊला सांभाळायला सासूबाई रुखमाबाई राजुऱ्याहून यायला हव्या होत्या. पण सिंदेवाहीच्या कडेला, रानाला टेकलेला तो जुना सागवानी बंगला लोक भुताचा म्हणत. रुखमाबाईंची अट साफ होती, “एक खूण दिसली का मी चालली वापस!”

“काही दिसणार नाही, आई. तुमच्यासाठी नवी खोली काढतोय. खिडकी थेट जमिनीपर्यंत!”

गवंडी पत्रूभाऊने त्या खोलीत नुकतंच सिमेंट घातलं होतं. भरदुपारी संघप्रिया चिऊला कडेवर घेऊन ओल्या सिमेंटवर मधोमध टाकलेल्या फळीवर उभी राहिली. रान गप्प. वारा नाही, तरी जुनं छत कुरकुरलं. इतक्यात चिऊ खिडकीकडे बघून हसली. “टाटा!”

बाहेर एक चेहरा होता. गोरा, गुळगुळीत, मिशाळ. पापणी लवत नव्हती.

“क... कोण पाहिजे?”

तो नुसता उभा राहिला. संघप्रियाची नजर खाली गेली. तोंड इकडे, आणि टाचाही इकडेच! पाय उलटे!

भुताला पाठ दाखवू नये, एवढंच तिला आठवलं. लेकीला कवटाळून ती मागे मागे सरकली. पाय फळीवरून खाली पडला. पचक, पचक, सात पावलं! आणि दारातून जी किंचाळली!

“वाघ आला वं!” म्हणत पत्रूभाऊ मोहाच्या झाडावर सरसर चढला. अर्धं गाव डबे बडवत धावलं. आणि फांदीला बिलगलेल्या पत्रूभाऊच्या डोक्यामागून तोच मिशाळ चेहरा संघप्रियाकडे टक लावून बघत होता!

“भाऊ, ते मागं काय आहे?”

“मुखवटा न बाई! वाघ मागून धरते. मागं बी तोंड दिसलं का येत नाई म्हनते. कालच जंगलखात्यानं वाटले आमच्या गावात. गेला का तो?”

“गेला,” ती पुटपुटली. दुसरं काय सांगणार!

पत्रूभाऊ उतरला तो दिवस कलल्यावर. तोवर सिमेंट दगड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आल्या, आणि खोलीच्या दारातच थिजल्या. दारापासून मध्यापर्यंत गेलेली सात पावलं. पुढे काहीच नाही. परतीचंही नाही.

“आत गेलं अन् तिथीच गायब झालं! राजदीप, ऑटो बोलाव!” त्यांनी लेकाला हाक मारून पिशवी उचलली.

संघप्रियाने चप्पल काढली. गुपचूप ठशात पाऊल ठेवलं. नेमकं बसलं.

“माझेच आहेत, आई. मागे मागे पळाले. भेले मी... भुताला.”

“मास्तरीन असून?”

“हो.”

रुखमाबाईंनी पिशवी सावकाश खाली ठेवली. चेहरा उजळला. “म्हंजे या घरात माह्याहून भेकड कोनी आहे! मंग राह्यतो मी. तुले सोबत पाह्यजे न, पोरी!”

संघप्रियाचे डोळे भरून आले. तेवढ्यात कडेवरची चिऊ खिडकीकडे बघून हसली. “टाटा!”

पत्रूभाऊ आज सुट्टीवर होता.

सासू-सून एकमेकींना घट्ट धरून मागे मागे सरकल्या. सिमेंट वाळलेलं होतं, म्हणून बरं!