वखारीमागचा काठ आणि एक चावरं बदक

पोहायला तळ्याचा काठ निवडायचा असेल, तर माझ्यासारखा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! आमच्या गावाभोवती, डोंगराच्या पायथ्याला, पोहण्याजोगे पाच काठ आहेत. उन्हाळा आला की लोक टॉवेल खांद्यावर टाकतात आणि दिसेल त्या काठावर जाऊन पसरतात. मी तसला माणूस नाही. मी तक्ता केला!

तक्त्याला कारण होतं. आमच्या हिनं बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकून घेतलं होतं. हिवाळाभर, बंदिस्त तलावात, मलाही पत्ता न लागू देता. मला वाटत होतं, गुडघ्यांच्या व्यायामाला जाते. आता तिला उघड्या तळ्यात उतरायचं होतं, पण एका अटीवर.

"अहो, काठावर ओळखीचं कुणी नको. पोहण्याच्या पोशाखात मला गावानं बघितलेलं चालणार नाही. माणूस दिसला की मी परत फिरणार, आणि पोशाख कपाटात. कायमचा!"

"अगं, चिटपाखरू दिसणार नाही. माझ्यावर सोड."

"तीच तर भीती आहे."

आठवडाभर सायकल हाणत मी पाचही काठ पालथे घातले. काठीनं खोली मोजली, अनवाणी चालून गोटे तपासले. पाण्यात बुडवायला घरातला थर्मामीटर नेला होता; तो तापाचा निघाला, त्यामुळे एकाही तळ्याला ताप नाही एवढंच सिद्ध झालं. नगरपालिकेच्या काठाला मी शून्य गुण दिले: घसरगुंडी, भोंगा, आइस्क्रीमची गाडी आणि माणसावर माणूस! पहिला आला लाकडाच्या वखारीमागचा काठ. मऊ वाळू, निवळशंख पाणी, गार सावली आणि माणूस म्हणाल तर मी एकटा.

पण मी गेलो होतो मंगळवारी. हिला न्यायचं तर जावयाची गाडी हवी, आणि ती मोकळी फक्त रविवारी. रविवारी तिथं लोक आले तर?

मग मला ती कल्पना सुचली. गावच्या साप्ताहिकात मी चाळीस वर्षं सदर लिहीत होतो. निवृत्त झालो तरी संपादक अजून माझा फोन उचलतो. मी त्याला मजकूर धाडला: 'वखारीमागच्या काठावर कृपया कुणी जाऊ नये. पाणी हाडं गोठवतं, शेवाळ पाय धरून ठेवतं, आणि तिथलं चावरं बदक ज्येष्ठ नागरिक निवडून चावतं.' पाणी आणि शेवाळ खोटं. बदक तर निव्वळ पदरचं!

लगेच संपादकाचा फोन. खो खो हसत होता. "काय लिहिलंय! पहिल्या पानावर घेतो!"

हा हसतोय कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण पहिलं पान म्हटल्यावर माणूस विचार करायचा थांबतो.

रविवारी वखारीच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागलेली. काठावर तीळ ठेवायला जागा नाही! आमचे दातांचे डॉक्टर कमरेइतक्या पाण्यातून हात हलवत होते.

"या, या! काय जागा शोधलीत हो! बदक वाचलं आणि मी पेशंटच्या तोंडात हात ठेवून हसत सुटलो!"

"अहो, पण मी येऊ नका असं लिहिलं होतं!"

"हो ना! चाळीस वर्षं तुमचं तिरकस सदर वाचतोय. तुम्ही नगराध्यक्षांना कर्तबगार म्हणालात, आम्ही त्यांना पाडलं. तुम्ही नवा पूल भक्कम म्हणालात, तेव्हापासून अख्खं गाव वळसा घालून जातं. एवढं कळतं हो आम्हाला!"

मागून पोस्टातल्या बाई पावाची पिशवी घेऊन आल्या. "बदक किती वाजता येतं?"

ही गाडीतून उतरलीच नव्हती. टॉवेल हनुवटीपर्यंत ओढलेला. "घरी चला," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

परतीचा रस्ता नगरपालिकेच्या काठावरून जातो. तिथं पोचताच ती ओरडली, "थांबवा!"

घसरगुंडी रिकामी. भोंगा बंद. आइस्क्रीमवालासुद्धा गाडी ढकलत वखारीकडे गेलेला. साऱ्या काठावर एक कावळा.

"हा ओळखीचा नाही ना?" मी विचारलं. उत्तर म्हणून टॉवेल माझ्या डोक्यावर आला, आणि ही पाण्यात! मान वर ठेवून, सावकाश, तळ्यात मधोमध बांधलेल्या तराफ्यापर्यंत गेली, त्याला हात लावला आणि परत आली. दात कडकड वाजत होते, आणि चेहरा असा की मी तक्ता गुपचूप चुरगाळला.

"दर रविवारी इथंच यायचं," ती म्हणाली.

"पण लोक परत येतील की!"

"मग लिहा! या काठाची स्तुती करा. अगदी मनापासून."

मी मनापासून लिहिलं. पाणी किती स्वच्छ, व्यवस्था किती चोख, नगरपालिकेची आपुलकी किती! एक शब्द वाकडा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

अंक निघाला त्या दुपारी संपादकाचा फोन आला. या वेळी हसत नव्हता.

"जरा अतीच झालं हो. इतकं जहरी तुम्ही कधी लिहिलं नव्हतं. नगरपालिकेला फार लागलंय. त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केलीय आणि सुधारणेसाठी काठ उन्हाळाभर बंद केलाय."

उरलेल्या तीन काठांपैकी एक हिनं स्वतः निवडला आहे. दर रविवारी जावयाबरोबर जाते आणि ओला टॉवेल घेऊन परत येते. कोणता काठ, ते मला सांगायचं नाही, असं घरात ठरलं आहे.