काळ्या सरदाराचे उद्रेकाची आणि मैनाबाईसाहेबांचे तराजूची हकीकत

श्री. जें तेज दिसतें त्यास एक वेळ नमन, जें दिसत नाहीं त्यास दोन वेळां नमन करून लिहिणें ऐसें जे, शके एकोणीसशें सदतीस, मन्मथनाम संवत्सर, ते समयीं आकाशाचे राज्यांत एक जोडतारा नांदत होता. जोडींतील एक साधा तारा, बापडा गृहस्थ. दुसरा कृष्णविवर, काळा सरदार, स्वतः कोणास दिसेना, परंतु शेजाऱ्याचे अंगावरील वायु ओढून भोंवतीं सांठवी, आणि वर्षानुवर्षें निजून राही, आणि मग एकाएकीं खवळून थोर उद्रेक करी. इकडे पृथ्वीवर दुर्बिणींचें एक ठाणें होतें, तेथील मुख्य मैनाबाईसाहेब. त्यांणी तरुणपणीं भर दरबारीं बोलून ठेविलें कीं, "हा खवळेल तेव्हां गॅमा किरण सोडील." गॅमा किरण म्हणजे प्रकाशांतील सर्वांत तापट जात. दरबारी मंडळी, ज्यांस ताऱ्यांपेक्षां शालजोडीची पारख अधिक, ती गालांत हंसली. त्या दिवसापासून बाईसाहेब वाट पाहत राहिल्या, आणि केस पिकले, आणि दृष्टि गेली, आणि वैद्यांनीं मान हालविली, आणि काळा सरदार आपला खुशाल निजलेला. मग त्या वर्षीं तो खवळला. बाईसाहेबांचे शिष्य विसाजीपंत, ज्यांस त्यांणी पोटच्या पोरासारखें वागविलें, त्यांणी सर्व आरसे तिकडे फिरविले आणि किरण जमा केले.

आतां ठाण्याचा रिवाज ऐसा कीं, जमलेलें सर्व मोहोरबंद पेटींत ठेवावें, आणि उद्रेक अमक्या घटकेपासून तमक्या घटकेपर्यंत धरूं हें आधीं सर्वांसमक्ष बोलावें, आणि मगच मोहोर फोडून तोलावें: एका पारड्यांत सरदाराचे दिशेचे किरण, दुसऱ्यांत शेजारच्या रिकाम्या आकाशाचे. सरदाराचें पारडें झुकलें तर बाईसाहेबांचा शब्द खरा. हा रिवाज बाईसाहेबांनींच घातला होता. आशेनें माणसास काय काय दिसूं लागतें हें त्या जाणून होत्या.

घटका बोलून झाल्या, मोहोर फुटली आणि पारडीं बरोबरीस आलीं. मग विसाजीपंतांनीं एकांतीं बसून उद्रेकाचा आरंभ थोडा पुढें सारिला, आणि शेवट थोडा मागें ओढिला, आणि पुन्हा सारिला, आणि पुन्हा तोलिलें, तों पारडें केसभर झुकलें. पंत धांवत बाईसाहेबांकडे गेले. बाईसाहेब ओसरीवर कोवळे उन्हांत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बाईसाहेब, पारडें झुकलें!"

बाईसाहेबांचे मुखावर ऐसा आनंद प्रकटला कीं पाहणाराचा जीव भरून यावा. मग त्यांणी पंतांचा हात हातीं घेतला, तो घामेजलेला लागला.

"विसाजी, ह्या घटका पेटी उघडण्याआधीं ठरविल्यास कीं नंतर?"

"नंतर, बाईसाहेब."

"आधीं ठरविल्या होत्यास, त्यांत काय निघालें?"

"बरोबरी, बाईसाहेब."

बाईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आलें, हें आम्ही लपवीत नाहीं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठीं केलेंस, वेड्या. अरे, तुझी माया मला ठाऊक आहे. तिच्यासाठीं आकाश झुकवायचें कारण नव्हतें. आतां हें खोडून टाक, आणि सांग पाहूं, किरण असलेच तर फार तर किती असतील?"

पंतांनीं डोळे पुसले, आणि पहिल्याच घटका धरून हिशेब केला, आणि ती मर्यादा सांगितली. "याहून अधिक असते तर आपणांस दिसलेच असते."

"मग हेंच दरबारीं सांग. वर माझें नांव घाल. तरुणपणीं बोललें तेव्हां होतें, तसें आतांही असूं दे."

पंतांनीं तैसेंच सांगितलें. मंडळी पुन्हा हंसली, आणि हंसून घरीं गेली. पुढें थंडीचे दिवसांत बाईसाहेब वारल्या.

एकूण सारांश इतका कीं, किरण सांपडले नाहींत. त्यानंतर दुसरा एक काळा सरदार खवळला, तेव्हां ठाण्याचे मुख्य विसाजीपंत होते. मोहोरबंद पेटी त्यांणी ओसरीवर आणविली, आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहून घटका मोठ्यानें बोलून दाखविल्या, आणि क्षणभर थांबले, आणि मग मोहोर फोडविली.