सतरा गावे यादीतून गळाली त्याची हकीकत

श्रीगणरायाचे स्मरण करोन, नाकावर चष्मा ठेवोन, जैसे आम्ही डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी. ते समयी कालव्याच्या राज्यात कोणत्या गावास पाणी कधी सुटणार याचा सांगावा संगणक धाडीत असे, आणि तो प्रोग्राम आमच्या सूनबाई केतकीबाई यांनी घरी बसोन रचिला, त्यांची ही पहिलीच स्वतंत्र मोहीम, आणि मग सतरा गावांतून बोंब उठली की आम्हांस सांगावाच नाही. तेव्हा कचेरीचे कारभारी गुंडोपंत पडद्यावर प्रकट जाहले आणि वदले, "केतकी, बारा वाजता कालव्याचे दरवाजे उघडतील. तोवर यादी नीट झाली नाही तर हे काम दुसऱ्याकडे." ऐसे बोलोन पंत चहास गेले. पंतांस दुसरे येते काय?

सूनबाईंनी चार वेळा यंत्र बंद करोन उघडिले आणि डोळ्यांस पदर लाविला. आम्ही शेजारी शेंगा फोडीत होतो, आणि आज्ञा केली, "मोठ्यानं वाच. ओळ न् ओळ."

"आई, तुम्हांला काय कळणार त्यातलं?"

"न कळणारीलाच सांग. कळणारे नुसत्या माना डोलावतात."

मग त्या वाचो लागल्या आणि दोन हजार गावे ऐकोन आमचे डोके फिरले. "इतकी कशाला गं? तीन घे, बोटांवर मावतील अशी." तीन घेतली, तो पिंपळखुटे गळाले. मग आम्ही त्या तिघांतली खडकवस्ती पहिल्या जागी आणविली, तो खडकवस्ती गळाली आणि पिंपळखुट्यास सांगावा गेला. म्हणजे गाव निर्दोष, पहिली जागाच खोटी!

"तुझं यंत्र पहिल्याला काय म्हणतं?"

"शून्य."

"आणि तू कुठून मोजलंस?"

"एकापासून..." ऐसे म्हणोन सूनबाई पडद्याकडे वळल्या.

"अगं, खळ्यावर पहिल्या मापाला कोणी एक म्हणतं का? लाभ म्हणतात, मग दोन, तीन. तुझ्या यंत्राचा लाभ म्हणजे ते शून्य. तू लाभ वगळून माप घातलंस!"

कालव्यास फाटे सतरा, याद्या सतरा, आणि दर यादीचे पहिले गाव उपाशी राहिले होते. सूनबाईंनी एकाचे जागी शून्य घातले, आधी तीन गावांवर पारखिले आणि मग साऱ्यांवर सोडिले, आणि पावणेबारास पिंपळखुट्याच्या सरपंचबाईंचा फोन आला, "पोचला हो सांगावा! भुईमूग वाचला!" तो केतकीबाईंनी आम्हांस उचलोन गरकन फिरविले आणि शेंगा घरभर जाहल्या.

पंत पुन्हा प्रकटले. "सल्ला कोणाचा घेतलास?"

"सासूबाईंचा."

"त्यांचं शिक्षण?"

आम्ही तोंड पुढे करोन म्हणालो, "दुसरी. तिसरीचे मास्तर तुमच्यासारखे होते."

एवंच, मोहीम सूनबाईंकडेच राहिली, आणि कचेरीत नियम जाहला की प्रोग्राम सोडण्यापूर्वी न कळणाऱ्या माणसास मोठ्याने वाचोन दाखवावा. गुरुवारी खासा गुंडोपंत आम्हांपुढे वाचावयास बसतात. तीन गुरुवार जाहले, अद्याप चौथ्या ओळीस पोचले नाहीत.