वाडीतल्या शांततेची मोजणी

"मॅडम, आमच्या वाडीत मुंगी चालली तरी तिची पावलं ऐकू येतात!" सुप्रियानं प्रियदर्शिनी मॅडमना छातीठोकपणे सांगितलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सुप्रिया मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिथं एका बोगद्यातून आवाजाच्या सहापट वेगानं वायू सोडतात आणि वाटेत धातूचा शंकू ठेवतात. शंकूच्या अंगाला वायूचा एक पातळ थर चिकटून वाहतो. तो शहाण्यासारखा वाहतो तोवर ठीक. एकदा विस्कटला की शंकू कितीतरी पट तापतो. विस्कटण्याआधी हा थर थरथरतो, सेकंदाला दोन-तीन लाख वेळा! ही थरथर पकडायला सुप्रियानं तिळाएवढा सेन्सर बनवला होता. पण पठ्ठ्या बोगदा बंद असतानाही थरथर दाखवायचा!

"सेन्सर खराब आहे की आपली खोली गोंगाटाची, ते सोमवारपर्यंत सांग," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर बोगद्याची तुझी पाळी दुसऱ्याला. पुढची सहा महिन्यांनी."

म्हणून शनिवारी सुप्रिया पोलादपूरला उतरली, डोंगर चढली आणि येसाजीकाकांच्या पडवीत बाकावर तारा-पेट्या पसरून बसली. धूळ नको म्हणून त्यांवर काकांचं पांढरं धोतर घातलं. सेन्सर तेवढा उघडा ठेवला. लॅपटॉप लावला. रेषा उधळली!

"शेळ्यांच्या घंटांनी असेल," ती म्हणाली.

घंटा सोडल्या. पंखे, टीव्ही, मोबाइल, सगळं बंद. येसाजीकाकांनी हातात काठी घेऊन कारभार हाती घेतला. "जो बोलंल त्याची गाठ माझ्याशी हाय!" काकांच्या घरच्या बयाकाकू गोठ्यात वासराचं तोंड धरून बसल्या. बाकी वाडी अंगणात मान खाली घालून गप्प. सुंदराबाईंनी तर खोकलासुद्धा पदरात दाबला.

तरी रेषा मधूनच उसळायची.

एवढ्यात खालच्या वाडीचा मालोजी बोकडाचा सौदा करायला आला. बघतो तर सगळी वाडी खाली मान घालून बसलेली! त्यानं तोंड उघडताच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "कोण?" त्यानं हातानंच विचारलं. काकांना वाटलं, आवाज कशासाठी बंद ते विचारतोय. त्यांनी पडवीतल्या बाकाकडे बोट दाखवलं. लांबलचक, वर पांढरं धोतर! मालोजीनं इकडेतिकडे पाहिलं. सगळे दिसले, बयाकाकू तेवढ्या दिसल्या नाहीत. त्यानं डोळे पुसले, हात जोडले आणि उलट्या पावली डोंगर उतरला.

सुप्रियाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिच्या ध्यानात भलतंच आलं होतं. काका फेरी मारत पडवीशी आले की रेषा उसळते, गोठ्याकडे गेले की निजते!

"काका, इकडे या. आता लांब जा. परत या."

चार फेऱ्यांनंतर काकांना घाम फुटला. "माझ्या अंगात काय हाय काय गो?"

"अंगात नाही, कमरेला!"

करगोट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा होता: घराची, ट्रंकेची, देवळाची, आणि दोन कुलपं हरवलेल्या किल्ल्या. सुप्रियानं तो सेन्सरपुढे हलवला. पडद्यावर बैल उधळले!

"एवढीशी तर किणकिण," काका म्हणाले.

"आपल्याला ऐकू येते ती एवढीशी. किल्ल्यांचा खरा आरडाओरडा आपल्या कानांच्या पलीकडचा असतो."

"म्हंजे येवढी वर्षं मी गावभर बोंबलत फिरत होतो?"

जुडगा तांदळाच्या डब्यात पुरला. रेषा सावित्री नदीच्या डोहासारखी सपाट झाली! सेन्सर निर्दोष होता. खोटा आवाज प्रयोगशाळेतलाच कुठला तरी. सुप्रियानं आनंदानं आरोळी ठोकली, वाडीनं तोंडं उघडली आणि घंटा परत शेळ्यांच्या गळ्यात गेल्या. मोबाइल चालू करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ऊन कलतं न कलतं तोच पायवाटेवरून हंबरडा ऐकू आला. "आई गोऽऽ!" बयाकाकूंचा पोलादपूरला नोकरी करणारा मुलगा स्वराज, मागं आठ पाहुणे, हातात हार! मालोजीनं खबर दिली होती, आणि घरचा एकही फोन लागेना म्हटल्यावर कुणाला शंकाच उरली नव्हती.

बयाकाकू भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. "कोण मेला रे?"

स्वराजनं हातातला हार फेकून दिला. रडला, हसला, आईच्या गळ्यात पडला. सुप्रिया खांबाआड उभी राहून मान वर करेना. मग स्वराज एकदम पांढरा पडला.

"आई, साहेबांनी तेरा दिवसांची रजा दिली! एका शब्दात! आता त्यांना काय सांगू?"

"तेरा दिवस?" बयाकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "गणपतीला दोन दिवस मागितलेस तर नाय म्हनाला होता ना त्यो?"

"हो."

"मग हातपाय धू आनि जेवायला बस. मी उठल्याचं साहेबाला सांगू नको!"