टिटवीची इलेक्शन ड्यूटी

एका जंगलात, बाळांनो, निवडणूक लागली. पाणवठ्याचा कारभारी निवडायचा होता. उभे दोघंच, रानडुक्कर आणि कोल्हा. डुक्कर हवा त्यानं काळा खडा टाकायचा, कोल्हा हवा त्यानं ठिपक्यांचा. इतकं सोपं, तरी भांडण झालंच.

डुक्कर म्हणे, मोजणी यंत्रानं करा. माकडानं बांबूचं एक यंत्र केलं होतं. वरून खडा सोडला की घरंगळत खालच्या गवतात यायचा आणि टक् वाजायचं. कोल्हा म्हणे, यंत्राच्या पोटात काय चालतं ते कोणी पाहिलंय? हातानं मोजा. हत्ती निवडणूक अधिकारी. त्यानं सांगितलं, दोन्ही करू.

आता हात कोणाला आहेत, हे काही कोणी विचारलं नाही. टिटवी खड्यांतच राहते, तिला खड्याची पारख, म्हणून हुकूम तिला गेला.

टिटवी तेव्हा अंड्यांवर बसलेली. उघड्या माळावर चार अंडी. नवऱ्याची ड्यूटी शेजारच्या जंगलात लागलेली. ती धावत हत्तीकडे गेली. म्हणाली, मला सोडा, अंडी गार पडतील.

हत्ती वाईट नव्हता, नियमाचा होता. "पुरावा आणा, बाई," तो म्हणाला. "ड्यूटी लागली की सगळ्यांनाच अंडी होतात. काल एक ससा सांगून गेला."

मग तिनं एकेक अंडं जपून आणलं नि खडकावर ठेवलं. टिटवीचं अंडं तुम्ही पाहिलंय का? हुबेहूब ठिपक्यांचा खडा. हत्तीची नजर अधू. मतं सांडली वाटतं, असं म्हणत त्यानं सोंडेनं चारही अलगद कोल्ह्याच्या ढिगात सरकवली. एकदा ढिगात गेलेलं मत बाहेर काढायचं नाही, हाही नियमच.

यंत्र चाललं. गवत होतं म्हणून निभावलं, पण दर टक् ला टिटवीचा जीव खालीवर होत होता. कोल्ह्याला चार मतं जास्त निघाली. मग टिटवीनं मोजलं. तिनं आपली लेकरं धरली नाहीत. दोघं बरोबरीत आले.

झालं. कोल्हा म्हणू लागला, यंत्रासारखं प्रामाणिक काही नाही. डुक्कर म्हणू लागला, यंत्राचं काय सांगावं, हातच खरा.

हत्तीनं निकालासाठी सोंड वर केली. निकाल लागला की खडे नदीत बुडवायचे, अशी तिथली रीत. टिटवी धावत पुढं आली. ती हळूच म्हणाली, "साहेब, पुन्हा मोजू या. पण आधी कशानं मोजायचं, तेवढं ठरवा."

तेवढं ठरेना. सभा भरल्या. दोन्ही बाजू म्हणाल्या, बाई किती निःपक्षपाती आहे. मतांच्या राखणीलाही तिलाच बसवलं. ती ढिगावर चढली आणि पंख पसरून बसली.

"मतांवर कोणी बसतं का?" माकडानं विचारलं.

"राखण अशीच करतात, भाऊ," टिटवी म्हणाली. वाद जरा थंडावला की ती विचारायची, यंत्र आधी लावलं तर हाताचा मान जाणार नाही ना? की पुन्हा पेटायचा.

एके सकाळी भर सभेत टक् वाजलं. माकड म्हणालं, यंत्र तर बंद आहे, मोजतंय कोण? पुन्हा टक्. ढिगातून कोल्ह्याचं एक मत पायांवर उभं राहिलं. मागोमाग तीन. कोल्हा म्हणाला, डुकरानं माझी मतं फोडली. डुक्कर म्हणाला, ही बाहेरून आणलेली आहेत.

चारही मतं टिटवीच्या मागं चालू लागली. हत्ती आडवा आला.

"बाई, मतं कुठं नेता?"

"घरी, साहेब. मतदानाला अजून लहान आहेत."

पाणवठ्याला कारभारी अजून नाही. आधी हात की आधी यंत्र, हे ठरतंय. पाणी मात्र सगळे पितात.

तात्पर्य: मतं हातानं मोजावीत की यंत्रानं, हा वाद घाईनं मिटवू नये. तो चालू असेपर्यंत कोणाची ना कोणाची अंडी उबत असतात.