दोन्ही बाजूंचे मुश्ताकभाई

सकाळी कपबशीशिवाय चौसाळ्याला तरणोपाय नाही असं सांगणारे मुश्ताकभाई, जेवण झालं की त्याच गळ्याने सांगतात, शिट्टीला मत द्या, नाहीतर गाव बुडालं म्हणून समजा. रिक्षा तीच, भोंगा तोच, बॅनर तेवढा बदलतात. आणि गंमत म्हणजे गळा दोन्ही वेळा खरोखर भरून येतो. एरवी पंक्चर काढणारा हा माणूस, पण निवडणूक लागली की त्यांच्या अंगात वारंच शिरतं.

"खरं काय ते एकदा सांगून टाका की," मी दुकानातून म्हणालो.

"शेठ, दोघांचं बी जीव तोडून सांगतो. एकाचंच ऐकलं तर तुमी निवडणार काय? ठरवायचं काम बी माझ्यावरच टाकताव का?"

यंदा मात्र पंचाईत झाली. सरपंचपदाला शिट्टी घेऊन उभे राहिले त्यांचेच थोरले भाऊ, फळांचा गाडा लावणारे गफूरभाई. आता तरी हे एका बाजूचे होतील, असं सगळ्यांना वाटलं. यांनी नेहमीसारखी कपबशीचीही सुपारी घेतली. गफूरभाईंनी बोलणंच टाकलं. सख्खे भाऊ, पण सलामसुद्धा बंद.

गफूरभाईंचं घर माझ्या दुकानासमोर. मुश्ताकभाई येऊन बसायचे आणि त्या दाराकडे बघत राहायचे. "अब्बा गेल्यावर त्यानंच वाढवलं मला. लई जीव हाय त्याचा. आता बोलंल का न्हाई, कुणास ठाऊक," म्हणायचे आणि उठून पुन्हा कपबशीच्या कामाला लागायचे. आमच्या गल्लीत शिरताना मात्र कपबशीचा भोंगा रोज बंद करायचे.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी गाव नुसतं उसळत होतं. फटाके, गुलाल, घोषणा. माझंसुद्धा गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. कपबशीची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि भोंगा गप्प झाला. तेवढ्यात गफूरभाई घरातून आले ते थेट रिक्षापुढे आडवे उभे राहिले.

"बंद कायकू किया रे? ये गल्ली के लोगां कू बी सुनने दे कपबशीवाले का."

मला इतका आनंद झाला की मी वजनकाटा तसाच सोडून रस्त्यावर आलो. मुश्ताकभाईंनी माइक चालू केला. "बंधू-भगिनींनो..." मग नजर समोरच्या भावाकडे गेली. माइक तोंडापाशी तसाच राहिला आणि सगळ्या गल्लीला भोंग्यातून ऐकू आलं, "भाई, खाना खाया क्या?"

गफूरभाईंनी बाहीने डोळे पुसले.

"खाएंगे, साथ में. पहले उसका प्रचार पूरा कर."